सोलापूरच्या घरात टीव्हीचं बिल कसं बसवायचं: मराठी, तेलुगू, कन्नड चॅनेल आणि त्यांचे पॅक

सोलापुरात केबलचा किंवा डिशचा रिचार्ज करायला गेलं की समोरून ठरलेला प्रश्न येतो: मराठी पॅक टाकू की हिंदी? या शहरातल्या कितीतरी घरांना हा प्रश्न लागूच पडत नाही. साखर पेठ, अशोक चौक आणि एकूणच पूर्व भागात आजीला तेलुगू मालिका हवी असते, सुनेला मराठी, पोरांना कार्टून आणि क्रिकेट. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे तेलुगूच्या जागी कन्नड येतं. पॅक मात्र ‘महाराष्ट्र’ या नावाने बनतो, म्हणजे एका भाषेचं घर डोळ्यांसमोर ठेवून. मग दुसरी भाषा वरून जोडली जाते, तिच्यासोबत कोणी न पाहणारे आठ-दहा चॅनेल येतात आणि बिल फुगतं. हे टाळता येतं. त्यासाठी बिलात काय काय असतं ते समजून घ्यायचं आणि एकदा कागद-पेन घेऊन बसायचं.

बिलात काय काय असतं

पहिली रक्कम नेटवर्क कपॅसिटी फीची, म्हणजे एनसीएफची. चॅनेल तुमच्या घरापर्यंत आणून देण्याचे हे पैसे केबल किंवा डिश कंपनी घेते. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २०१७ साली आखलेली नवी दरव्यवस्था फेब्रुवारी २०१९ पासून घरोघरी लागू झाली. तेव्हा १०० एसडी (साध्या दर्जाच्या चित्राच्या) चॅनेलसाठी ही फी जास्तीत जास्त १३० रुपये होती, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. तो ‘एकशे त्रेपन्न’चा आकडा अजून लोकांच्या तोंडात आहे, पण नियम पुढे दोनदा बदलला. २०२० पासून त्याच १३० रुपयांत २०० चॅनेल द्यायचे आणि त्याहून जास्त दिले तरी १६० च्या वर जायचं नाही, असं ठरलं. जुलै २०२४ च्या दुरुस्तीत ही कमाल मर्यादाच निघाली. आता एनसीएफ किती घ्यायची ते कंपनी ठरवते. भागानुसार किंवा ग्राहकांच्या प्रकारानुसार ती वेगळी ठेवण्याचीही मुभा आहे, फक्त ती आधी जाहीर करावी लागते. म्हणून ‘पॅक केवढ्याला?’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘एनसीएफ किती आणि त्यात किती चॅनेल?’

दुसरी रक्कम पैसे देऊन घ्यायच्या चॅनेलची. प्रत्येक चॅनेलची महिन्याची एमआरपी ते चॅनेल चालवणारी कंपनी ठरवते आणि केबलवाल्याला त्याहून जास्त घेता येत नाही. तिसरी रक्कम बॉक्सच्या भाड्याची, तीही बॉक्स भाड्याने घेतला असेल तरच. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. दर सांगताना कोणी कर धरून सांगतो, कोणी सोडून. तुलना करायची तर आधी सगळे आकडे एकाच रीतीत आणा.

कुठलं चॅनेल कुठल्या रांगेत

दूरदर्शनचे चॅनेल दाखवणं केबलवाल्यावर कायद्याने बंधनकारक आहे. १९९५ च्या केबल कायद्याचं आठवं कलम त्यासाठीच आहे. डीडी सह्याद्री यातच येतं, त्यामुळे आषाढीची पंढरपूरची महापूजा पाहायला वेगळा पॅक लागत नाही. २०२० च्या नियमानुसार हे सक्तीचे चॅनेल एनसीएफमधल्या चॅनेलच्या मोजणीतही धरायचे नसतात.

त्यानंतर फ्री टू एअर चॅनेल. यांची एमआरपी शून्य, एनसीएफ भरली की झालं. बातम्यांचे बरेचसे मराठी चॅनेल असेच मोफत किंवा अगदी नाममात्र दराचे आहेत, त्यामुळे फक्त ‘बातम्या मिळतील’ म्हणून मोठा पॅक घेऊ नका. डीडी फ्री डिशवर, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेवर, फुकट दिसणाऱ्या चॅनेलला दुसरीकडे पैसे लावता येणार नाहीत, हीसुद्धा २०२४ च्या दुरुस्तीतलीच तरतूद. तुम्ही पैसे मोजत असलेलं एखादं चॅनेल फ्री डिशवर दिसत असेल, तर ऑपरेटरला त्याबद्दल जरूर विचारा.

खरा खर्च पे चॅनेलचा. झी मराठी, स्टार प्रवाह, झी तेलुगू, स्टार मा, जेमिनी, उदया, खेळांचे चॅनेल ही सगळी या रांगेतली.

राहिलं गावातलं लोकल चॅनेल. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, महापालिकेच्या बातम्या त्यावर दिसतात. नियमांच्या भाषेत ही केबल कंपनीची ‘प्लॅटफॉर्म सेवा’. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अशा सेवांची संख्या नेटवर्कच्या एकूण चॅनेल क्षमतेच्या ५ टक्क्यांपुरतीच असावी लागते, पडद्यावर तसा उल्लेख लागतो आणि नको असल्यास बंद करण्याची सोय द्यावी लागते. सोलापूरचं लोकल चॅनेल डिश कंपनीच्या यादीत सापडणार नाही. घरात ते रोज पाहिलं जात असेल तर केबल सोडण्याआधी याचा विचार करा.

पॅक स्वस्त का दिसतो

प्रसारण कंपनी स्वतःच्या चॅनेलचा गठ्ठा बांधते तेव्हा तिला काही नियम पाळावे लागतात. गठ्ठ्यात फक्त १९ रुपये किंवा त्याहून कमी एमआरपीचे चॅनेल घालता येतात. त्याहून महाग चॅनेल सुटंच घ्यावं लागतं. पे आणि फ्री चॅनेल एका गठ्ठ्यात चालत नाहीत. एकाच चॅनेलचं एसडी आणि एचडी (जास्त स्पष्ट चित्राचं) रूपही एकत्र नको. सुट्या किमतींच्या बेरजेवर जास्तीत जास्त ४५ टक्के सूट देता येते. ही १९ ची आणि ४५ टक्क्यांची रचना नोव्हेंबर २०२२ च्या दुरुस्तीने आली आणि फेब्रुवारी २०२३ पासून चालू आहे.

केबल किंवा डिश कंपनी वेगवेगळ्या प्रसारकांचे चॅनेल एकत्र करून आपला पॅक बनवते. त्यावरची तिची सूट आधी १५ टक्क्यांपर्यंतच असायची, २०२४ पासून तीही ४५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे कधी कधी ऑपरेटरचा तयार पॅक खरोखर स्वस्त पडतो. सुटे चॅनेलच नेहमी फायद्याचे, असं डोळे झाकून धरू नका.

काउंटरवर पॅकचाच आग्रह का होतो, त्याचं कारण हिशेबात आहे. पे चॅनेलच्या एमआरपीतले किमान २० टक्के वितरकाला, म्हणजे केबल किंवा डिश कंपनीला, मिळतात, शिवाय प्रसारकाकडून १५ टक्क्यांपर्यंत प्रोत्साहन सूट मिळू शकते. हा वाटा विक्रीच्या रकमेवर चालतो. जितके जास्त चॅनेल खपतील तितका तो मोठा. गल्लीतल्या केबलवाल्याची यात लबाडी आहे असं नाही. त्याच्या संगणकावर चार तयार पॅक असतात आणि सुटे चॅनेल एकेक करून टाकायला वेळ लागतो. पण निवड तुमची आहे. सुटं चॅनेल मागितलं तर ते त्याला द्यावंच लागतं, ‘पॅकच घ्यावा लागेल’ हे उत्तर नियमात बसत नाही.

कागद-पेन घेऊन

आठवडाभर टीव्हीजवळ एक कागद ठेवा. घरातल्या प्रत्येकाने पाहिलेलं चॅनेल त्यावर लिहायचं. आवडतं ते नव्हे, प्रत्यक्ष पाहिलेलं. साठ-सत्तर पे चॅनेलचं बिल भरणाऱ्या घरातही ही यादी साधारण दहा-बाराच्या पुढे जात नाही. सणापुरतं किंवा एखाद्या स्पर्धेपुरतं लागणारं चॅनेल वेगळ्या रकान्यात लिहा. ते त्या महिन्यापुरतं घेऊन नंतर काढता येतं.

मग दर लिहून काढा. बहुतेक बॉक्सवर ९९९ नंबरवर ग्राहक माहितीचं चॅनेल असतं, तिथे किमती दिसतात. चॅनेलच्या मार्गदर्शिकेतही नावाशेजारी दर असतो. कंपनीच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर पूर्ण दरपत्रक ठेवणं बंधनकारक आहे, आणि ट्रायचं ‘चॅनेल सिलेक्टर’ ॲपही आहे. जुन्या व्हॉट्सॲप फोटोतले दर वापरू नका. प्रसारक दर बदलत असतात आणि २०१९ चे आकडे अजून फिरताना दिसतात.

आता यादी भाषेप्रमाणे न लावता मालकाप्रमाणे लावा, कारण प्रसारकाचा गठ्ठा एका मालकाचा असतो. झी मराठी, झी टॉकीज, झी तेलुगू, झी कन्नड एका ओळीत. स्टार प्रवाह, स्टार मा, स्टार सुवर्णा दुसऱ्या ओळीत, ते जिओस्टारचे. जेमिनी आणि उदया सन समूहाचे, ईटीव्ही तेलुगू ईनाडू समूहाचं, सोनी मराठी सोनीचं. इथे सोलापूरकरांनी एक नीट लक्षात घ्यावं: मालक एक असला तरी मराठीचा गठ्ठा आणि तेलुगूचा गठ्ठा वेगवेगळा असतो. मराठी गठ्ठ्यात झी तेलुगू आपोआप येईल, असं समजू नका.

प्रत्येक गठ्ठ्यासाठी एकच बेरीज करायची: त्यातले आपण पाहतो तेवढ्याच चॅनेलची सुटी एमआरपी. ही बेरीज गठ्ठ्याच्या किमतीपेक्षा कमी आली तर सुटे घ्या, जास्त आली तर गठ्ठा घ्या.

आकडे धरून पाहू. हे दर फक्त उदाहरणासाठी आहेत. एका मराठी गठ्ठ्यात दहा चॅनेल, सुटी बेरीज ७६ रुपये, ४५ टक्के सूट जाऊन गठ्ठा ४१ रुपये ८० पैशांना. घरात त्यातले दोनच पाहिले जातात, १९ आणि १२ रुपयांचे. बेरीज ३१, म्हणजे सुटे स्वस्त. पण तिसरं १५ रुपयांचं सिनेमाचं चॅनेलही रोज लागत असेल तर बेरीज ४६ होते आणि गठ्ठा बरा पडतो. एका चॅनेलने निर्णय उलटतो, म्हणून आधी यादी खरी असायला हवी.

हेच घर पुढे नेऊ. मराठी दोन चॅनेल ३१ चे. तेलुगूचा गठ्ठा ३० रुपयांचा आहे, पण आजी त्यातलं १९ चं एकच पाहते. क्रिकेटसाठी ५० चा गठ्ठा आहे, लागतं १९ चं एकच चॅनेल. सुटं घेतलं तर ३१ अधिक १९ अधिक १९, म्हणजे ६९. एनसीएफ १३० धरली तर १९९, आणि जीएसटीसह २३४ रुपये ८२ पैसे. तिन्ही गठ्ठे घेतले तर १२१ रुपये ८० पैसे, एनसीएफसह २५१ रुपये ८० पैसे, करासह २९७ रुपये १२ पैसे. महिन्याला ६२ रुपये ३० पैशांचा फरक, वर्षाला जवळपास साडेसातशेचा. शेवटी ऑपरेटरच्या तयार पॅकची करासकट एकूण रक्कम या दोन्हींशेजारी मांडा आणि मग ठरवा.

निवड ठरली की ती तोंडी सांगू नका. ॲप असेल तर स्वतः बदला, नसेल तर चॅनेलची नावं आणि नंबर लिहून ऑपरेटरला पाठवा, सोबत बॉक्सचा किंवा त्यातल्या व्हीसी (व्ह्यूइंग) कार्डचा नंबर द्या. जुना पॅक बंद करायचा आहे हे स्पष्ट लिहा, नाहीतर नवे चॅनेल जुन्याच पॅकवर चढतात. दुसऱ्या दिवशी बॉक्सच्या मेनूतली सबस्क्रिप्शनची यादी उघडून ताडून पाहा.

पैसे कुठे गळतात

सगळ्यात जास्त पैसे एकच चॅनेल दोनदा घेण्यात जातात. पॅकमध्ये स्टार प्रवाहचं एसडी आहे आणि कोणीतरी वरून त्याचं एचडीही टाकलं, तर दोन्हींचे पैसे लागतात. ऑपरेटरच्या पॅकमधलंच चॅनेल प्रसारकाच्या गठ्ठ्यातूनही आलं तरी तीच गत. सबस्क्रिप्शनच्या यादीत एकच नाव दोनदा दिसतंय का, ते आधी शोधा.

एचडीचे पैसे आणि बॉक्स एसडी, हेही पुष्कळ घरांत असतं. सोलापूर शहर केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यातलं, ३१ मार्च २०१३ च्या मुदतीचं; पंढरपूर, बार्शी आणि खेडी पुढच्या टप्प्यांत आली. त्या काळात बसवलेला साधा एसडी बॉक्स अजून चालू असेल तर त्यावर एचडी चॅनेल दिसणारच नाही.

दुसऱ्या टीव्हीचा हिशेब वेगळा विचारा. २०२० च्या नियमात दुसऱ्या टीव्हीसाठी एनसीएफच्या ४० टक्क्यांपर्यंतच घेता येत होते, म्हणजे १३० वर ५२ रुपये, करासह ६१ रुपये ३६ पैसे. आता एनसीएफ कंपनीच्या हाती असल्याने तिचं जाहीर धोरण पाहावं लागतं. दोन टीव्हींवर वेगवेगळे चॅनेल ठेवता येतात. आजीच्या खोलीतल्या टीव्हीला फक्त तेलुगू आणि दूरदर्शन ठेवलं तर हॉलमधल्या टीव्हीवर तेलुगूचे पैसे लागत नाहीत. दोन भाषांच्या घरात मला ही मांडणी सगळ्यात शहाणपणाची वाटते.

लांब मुदतीचा रिचार्ज करण्याआधी हवं ते प्रत्येक चॅनेल त्या नेटवर्कवर प्रत्यक्ष आहे का, ते शेजाऱ्याच्या बॉक्सवर पाहून घ्या. कमी पाहिल्या जाणाऱ्या भाषेचं चॅनेल नेटवर्कवर असेलच असं नाही. जागा मर्यादित असते आणि कमी प्रेक्षकांच्या चॅनेलकडून वितरक वहन शुल्क, म्हणजे ते दाखवण्याचे पैसे, मागू शकतो. प्रसारक आणि केबल कंपनी यांच्यात दरावरून बिनसलं तर चॅनेल अचानक काळंही पडतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या दरांचे करार न करणाऱ्या केबल कंपन्यांचे मोठ्या प्रसारकांनी काही दिवस सिग्नल तोडले होते. अशा वादाच्या काळात महिन्याचाच रिचार्ज बरा.

केबल, डिश की फ्री डिश

केबलचा फायदा लोकल चॅनेल आणि गल्लीतला माणूस. तोटा असा की घरात इन्व्हर्टर असला तरी पलीकडच्या गल्लीत वीज गेली आणि तिथला ॲम्प्लिफायर बंद पडला की टीव्हीही बंद. डिशला हा त्रास नाही, पण सप्टेंबरातल्या जोरदार पावसात सिग्नल जातो. तेलुगू-कन्नड हा मुख्य भार असेल तर सन डायरेक्टसारख्या दाक्षिणात्य भाषांवर भर असलेल्या सेवेचे दरही विचारा. एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही, तेव्हा बदलण्याआधी जुन्या बॉक्सची अनामत परत मागा.

घरात सह्याद्री, बातम्या आणि जुने सिनेमे एवढंच पाहिलं जात असेल तर डीडी फ्री डिश पुरेशी आहे. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की मासिक खर्च शून्य. मुख्य मराठी मालिकांचे पे चॅनेल त्यावर मिळत नाहीत, आणि खासगी चॅनेलच्या जागा लिलावाने दिल्या जात असल्याने यादी बदलत राहते. बसवताना छत्री जीसॅट-१५ उपग्रहाकडे, ९३.५ अंश पूर्वेला लावायची. सोलापुरातून ही दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे सुमारे १३४ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंचीवर येते. नेहमीची ऑफसेट (एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असलेली) छत्री दिसायला याहून बरीच सरळ उभी राहते, त्याने गोंधळू नका. आधी खांब अगदी ओळंब्यात उभा करा. तो कलता असला की उंचीचा काटा चुकीचा दाखवतो आणि लोक तासभर छत्री फिरवत बसतात. बॉक्सच्या सिग्नल मेनूत ‘क्वालिटी’ची पट्टी पाहत छत्री अगदी थोडी थोडी हलवा; ‘स्ट्रेंथ’ची पट्टी उपग्रह सापडला नसतानाही भरलेली दिसू शकते. क्वालिटी आली की एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा भाग) किंचित फिरवून ती वाढते का पाहा, बोल्ट आवळा आणि मगच चॅनेल स्कॅन करा. गच्चीवरचा जोड उघडा ठेवलात तर पहिल्या पावसात पाणी वायरीत उतरतं, म्हणून टोपी आणि टेप दोन्ही लावा.

तक्रार

न मागितलेलं चॅनेल सुरू झालं, काढलेल्याचे पैसे लागले किंवा पावती मिळत नाही, अशा वेळी आधी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. केबलच्या बाबतीत गल्लीतला ऑपरेटर आणि वरची मुख्य कंपनी वेगळी असते. बॉक्स सुरू झाल्यावर पडद्यावर जिचं नाव येतं तिच्याकडे तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला (तक्रारींसाठी नेमलेल्या वरच्या अधिकाऱ्याला) लेखी कळवा. ट्राय नियम बनवते, पण एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्रं धाडण्यात वेळ घालवू नका. पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५.

त्यानेही भागलं नाही तर सोलापूरचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. कंपनीचं कार्यालय मुंबईत किंवा हैदराबादला असलं तरी २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. सोबत रिचार्जच्या पावत्या, चॅनेल बदलण्यासाठी पाठवलेला लेखी संदेश, तक्रार क्रमांक आणि सबस्क्रिप्शनच्या यादीचा तारखेसह फोटो जोडा. बॉक्स बंद झाल्यावर ती यादी दिसत नाही, म्हणून फोटो आधीच काढून ठेवा.